पाथरीच्या कुलकर्ण्यांचा ससाणा

परभणी जिल्ह्यातल्या पाथरीचं नाव हल्ली निघतं ते साईबाबांच्या जन्मस्थानाच्या दाव्यामुळे. जानेवारी २०२० मध्ये राज्य सरकारने या गावाच्या विकासासाठी निधीची घोषणा केली, शिर्डीकरांनी त्यावर बंद पाळला आणि साईबाबा मूळचे कोण, कुठले, हा वाद वृत्तवाहिन्यांवर रंगला. पण ‘हा मूळचा कोण?’ हा प्रश्न पाथरीच्या वाट्याला साईबाबांच्या तीनशे वर्षं आधीच येऊन गेला होता, आणि तो एका राजघराण्यावरून. अहमदनगरची निजामशाही ज्याच्या मुलाने स्थापन केली, त्या मलिक हसनचे पूर्वज पाथरीचे वतनदार कुलकर्णी होते, असं फरिश्ता हा इतिहासकार लिहून गेला आहे. या घराण्याला एक उपनाम चिकटलं होतं: बहरी. अहमद निजामशाह बहरी, बुऱ्हाण निजामशाह बहरी. हे बहरी आलं कुठून, याची दोन उत्तरं दिली जातात. एक उत्तर आपल्याला देवळात नेतं, दुसरं शिकारखान्यात.

आधी फरिश्ता काय सांगतो ते पाहू. विजयनगरवर स्वारी करणाऱ्या अहमदशाह बहमनीच्या फौजेच्या हाती एक ब्राह्मण पोर लागलं. पोराचं नाव तिमाप्पा, बापाचं नाव भैरू. त्याला मुसलमान करून हसन हे नाव ठेवलं आणि शाही गुलामांत वाढवलं. पोर हुशार निघालं म्हणून सुलतानाने ते आपल्या मुलाच्या, शाहजादा महंमदच्या सोबतीला दिलं. दोघं एकत्र शिकले. हसनने फारसी-अरबीत प्रावीण्य मिळवलं. बापाच्या नावावरून लोक त्याला हसन भैरू म्हणत. शाहजाद्याला ‘भैरू’ काही नीट म्हणता येईना; तो ‘बहरी’ म्हणायचा. तेच पुढे रूढ झालं.

हा हसन मग चढतच गेला. सरदार झाला, कुशबेगी झाला, तेलंगणाचा सुभेदार झाला, ‘निजामउल्मुल्क’ हा किताब त्याला मिळाला. १४८१ मध्ये वजीर महमूद गावानचा जो खून झाला, त्या कारस्थानात त्याचा हात होता. १४८६ मध्ये बिदरला त्याचाही खून झाला. त्याचा मुलगा अहमद तेव्हा जुन्नरच्या बाजूला होता. त्याने १४९० मध्ये बहमनी फौजेचा पराभव केला, तो स्वतंत्र झाला आणि पुढे त्याने अहमदनगर वसवलं. बापाच्या किताबावरून राज्याला निजामशाही हे नाव मिळालं, आणि बापाचं लहानपणीचं टोपणनाव घराण्याचं उपनाम झालं.

आता या गोष्टीतली नावंच तपासून पाहू. तिमाप्पा म्हणजे तिम्मप्पा, तिरुपतीच्या व्यंकटेशाचं कानडी-तेलुगू मुलखातलं नाव. पाथरीच्या कुलकर्ण्याच्या घरात हे नाव कसं? फरिश्ता सांगतो की हे लोक काही कारणाने पाथरी सोडून विजयनगरला जाऊन राहिले होते. बाप भैरू आणि मुलगा तिम्मप्पा, हा क्रम त्या स्थलांतराशी जुळतो. परमुलखात जन्मलेल्या मुलाला तिथल्या देवाचं नाव ठेवायचं, हे आजही आपल्याकडे चालतंच. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत व्यंकटराव आहेत, आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही.

शाहजाद्याच्या बोबड्या जिभेची गोष्ट मात्र मला फार सोयीची वाटते. कारण ‘भैरव’चं ‘बहिरव’ करायला इराणी वळणाची जीभ लागतच नाही, आपली मराठी ते स्वतःच करते. ‘भ’ हा ब आणि ह यांचा मिळून झालेला उच्चार. त्यातला ह थोडा पुढे सरकला की भैरवचा बहिरव होतो. पुण्या-साताऱ्याकडे भैरोबाच्या शेजारी बहिरोबा सुखाने नांदतो. कर्जतजवळच्या ढाकच्या डोंगरात कड्याच्या पोटातल्या गुहेत जो देव आहे, त्याला गिर्यारोहक आणि गावकरी दोघंही ‘ढाकचा बहिरी’च म्हणतात. रत्नागिरीचं ग्रामदैवत श्री देव भैरी. शिमग्याला त्याची पालखी निघते. म्हणजे ‘व’ गळून शेवटी ‘ई’ येणं हेही मराठीत घरच्या घरी घडलेलं आहे. तिम्मप्पाच्या बापाला गावात भैरू, बहिरो, बहिरी यांपैकी काहीही म्हणत असतील. शाहजाद्याने जे ऐकलं तेच तो बोलला असेल, तर त्याचा काही दोष नाही.

जुन्या कागदांत हे नाव फार दिसतं. शाहूमहाराजांचा पेशवा बहिरोपंत पिंगळे याला १७१३ मध्ये कान्होजी आंग्र्यांनी कैद केलं आणि त्या प्रकरणातून बाळाजी विश्वनाथ पेशवेपदावर आला, हे शाळेत शिकलेल्यांना आठवेल. हा बहिरोपंत म्हणजे शिवाजीमहाराजांच्या मोरोपंत पिंगळ्यांचा मुलगा, निळोपंताचा धाकटा भाऊ. एकाच घरातली ही तीन नावं शेजारी ठेवली की गंमत कळते. मोरो म्हणजे मोरेश्वर, निळो म्हणजे नीलकंठ, बहिरो म्हणजे भैरव. मोरोपंतात मोर ऐकू येतो, पण नाव पक्ष्याचं नाही, मोरगावच्या गणपतीचं आहे. ही गोष्ट ध्यानात ठेवायला हवी, कारण आता पक्षीच येतो आहे.

बहरी म्हणजे शिकारी पक्षी. मराठीत आपण त्याला बहिरी ससाणा म्हणतो. उंचावरून सूर मारताना ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे जाणारा हा पक्षी जगातला सर्वात वेगवान प्राणी मानला जातो. हिवाळ्यात उत्तरेकडच्या थंड प्रदेशातून जे बहिरी ससाणे येतात, ते समुद्रकिनारी आणि मोठ्या तलावांवर, बदकं आणि पाणपक्षी असतील तिथे उतरतात. अरबीत ‘बहर’ म्हणजे समुद्र, आणि बहरी म्हणजे समुद्राकडचा. हिंदुस्थानातले बाजदार मादीला बहरी म्हणत आणि नराला ‘बहरी बच्चा’, कारण शिकारी पक्ष्यांत मादी मोठी आणि जोरकस, नर लहान. इथल्याच डोंगरकड्यांवर राहणाऱ्या त्याच्या भाऊबंदाला शाहीन हे वेगळं नाव होतं.

आणि हसन कुशबेगी झाला होता, हे फरिश्ताच सांगतो. कुशबेगी हा तुर्की शब्द. कुश म्हणजे पक्षी, बेगी म्हणजे त्यांच्यावरचा अधिकारी: सुलतानाच्या ससाण्यांचा, बाजांचा, त्यांना हातावर वागवणाऱ्या माणसांचा प्रमुख. शिकारखान्याचा प्रमुख आणि नाव बहरी. मग हे नाव हुद्द्यावरूनच पडलं असेल आणि भैरूची गोष्ट मागाहून जोडली असेल, असं म्हणायला जागा आहे. फारसी ग्रंथांत हे उपनाम ज्या वर्णांनी लिहितात, तेही याच बाजूने बोलतात. उर्दू शिकलेल्यांना ‘बडी हे’ आणि ‘छोटी हे’ माहीत असतात. अरबीत या दोघींचे उच्चार वेगळे, दख्खनच्या तोंडी मात्र दोन्ही एकच. एखादा देशी शब्द फारसीत उतरवायचा तर लेखक सहसा छोटी हे वापरतो. निजामशाहांचं बहरी लिहिलं जातं ते बडी हे घालून, म्हणजे अरबी समुद्रवाचक शब्दासारखं. लिहिणाऱ्याच्या डोक्यात भैरोबा नव्हता, हे त्यावरून कळतं. बोलणाऱ्याच्या डोक्यात काय होतं, ते मात्र लिपी सांगू शकत नाही.

अरबी बहरीचा पसारा मोठा आहे. इजिप्तवर १२५० पासून १३८२ पर्यंत राज्य करणारे बहरी ममलूक हेही मुळात गुलाम सैनिक. त्यांची छावणी नाईल नदीतल्या रोडा बेटावर होती, आणि तिथले लोक नाईललाच ‘बहर’ म्हणत. तुर्कस्तानात बहरी हे आजही पुरुषाचं नाव आहे, आणि तिथे त्याच नावाचा पक्षीही आहे. पण तो ससाणा नाही, पाण्यात बुड्या मारणारा तुरेवाला पाणपक्षी आहे. आपल्या दख्खनमध्ये गोगीचा सूफी कवी काझी महमूद याने ‘बहरी’ हे टोपणनाव घेतलं आणि दख्खनीत ‘मन लगन’ हे काव्य लिहिलं. सूफीला समुद्राचं वेड असणं स्वाभाविक. तिथे भैरवही नको आणि ससाणाही. उच्चार एक आणि वाटा निराळ्या, हे एकदा पटलं की निजामशाहांच्या बहरीबद्दल घाईने काही बोलणं अवघड होऊन बसतं.

मराठीत तर या उच्चारावर तिसराही हक्कदार आहे. संस्कृत बधिर, त्याचं मराठी बहिरा. म्हणून कानाने कमी ऐकणारा, भीती घालणारा देव आणि समुद्राकडचा पक्षी, अशा तीन निरनिराळ्या मुळांचे शब्द आपल्या जिभेवर जवळजवळ एक होतात. महिपतीच्या भक्तविजयात पैठणच्या बहिरंभटाची कथा आहे. हा ब्राह्मण मुसलमान होतो, पस्तावून परत येतो, ब्राह्मण त्याला शुद्ध करून घेतात. मग तो ज्याला-त्याला विचारत सुटतो की सुंता झालेली ती तशीच, कानाची भोकंही तशीच, तर मी आता हिंदू की मुसलमान? उत्तर कोणालाच देता येत नाही. पाथरीहून पैठण काही फार लांब नाही. गोदावरी दोन्हीकडची एकच. हसन बहरीला हा प्रश्न विचारायची सवड बहुधा मिळाली नसावी.

बहिरंभटातल्या या ‘बहिरम’ रूपाने आणखी एक घोटाळा होतो. अमरावती जिल्ह्यात चांदूर बाजार तालुक्यात बहिरमची मोठी जत्रा भरते. तिथल्या बहिरमबाबाला लोक भैरव मानतात. ऐकायला हे नाव थेट फारसी ‘बहराम’सारखं आहे, आणि बहराम हे इराणी राजांचं नाव. ते अवेस्तातल्या वेरेथ्रघ्न या विजयाच्या देवतेपासून झिजत झिजत आलेलं. भैरवचं मूळ संस्कृत ‘भीरु’मध्ये. दोघांचा काडीचा संबंध नाही, तरी वऱ्हाडात येईपर्यंत दोघं एकमेकांच्या तोंडावळ्याचे झाले.

उच्चारांच्या अशा सारखेपणावर किती विसंबायचं, याचा धडा फरिश्ताच देतो, आणि इथे त्याची साक्ष जरा अडचणीत येते. बहमनी राज्याचा संस्थापक हसन याची गोष्ट त्यानेच सांगितली आहे: दिल्लीच्या गंगू नावाच्या ब्राह्मण ज्योतिष्याने त्याला हात दिला, म्हणून हसनने राज्यावर आल्यावर त्या ब्राह्मणाच्या स्मरणार्थ ‘बहमनी’ हे नाव घेतलं. ब्राह्मण, बहमन, बहमनी, कानाला पटतं. पण १३४७ मध्ये गादीवर आलेल्या या सुलतानाने ‘बहमनशाह’ ही पदवी घेतली होती, आणि जवळजवळ त्याच काळात लिहिणाऱ्या इसामीने त्याचा वंश इराणी पुराणातल्या इस्फंदियारच्या मुलाशी, बहमनशी जोडला आहे. आजचे बहुतेक इतिहासकार गंगूची गोष्ट दंतकथेत टाकतात. ज्याने बहमनीत ब्राह्मण शोधला, त्याला बहरीत भैरू सापडला तर आपण का विश्वास ठेवावा?

त्यातच दुसरा साक्षीदार उलट बोलतो. सय्यद अली तबातबा याने निजामशाही दरबारात बसून ‘बुऱ्हाण-ए-मआसिर’ लिहिला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे अहमद हा मलिक हसनचा मुलगाच नव्हता. तो बहमनी राजरक्ताचा, फक्त हसनच्या घरी वाढलेला. दरबारी इतिहासकाराने असं लिहिणं समजण्यासारखं आहे. शेजारी विजापूरचा आदिलशाह आपलं मूळ उस्मानी सुलतानांपर्यंत नेत असताना आपल्या धन्याचं मूळ गोदाकाठच्या एका कुलकर्ण्याच्या दप्तरात निघावं, हे कोणत्या पगारी लेखकाला परवडेल? तरीही हेतू कळला म्हणजे विधान खोटं ठरलं, असं होत नाही. फरिश्ताही काही निःस्वार्थी नव्हता. त्याचं बालपण अहमदनगरला गेलं, त्याचा बाप गुलाम अली हिंदूशाह तिथे शाहजाद्याला शिकवायला होता. पण तिथल्या रक्तपातातून निघून १५८९ मध्ये तो विजापूरला गेला आणि ग्रंथ लिहिला तो आदिलशाहाच्या आश्रयाने. जुन्या धन्याच्या घराण्याचा ब्राह्मण पूर्वज सांगताना नव्या धन्याची नाराजी ओढवायचं कारण नव्हतं.

म्हणून मी कानाला पटणाऱ्या गोष्टी बाजूला ठेवून जमिनीकडे बघतो. कारण याच घराण्याने पाथरीसाठी युद्ध केलं.

बुऱ्हाण निजामशाहाच्या काळी पाथरी वऱ्हाडच्या इमादशाहाकडे होती. निजामशाहीचं भाग्य उजळल्यावर विजयनगरकडे गेलेले ब्राह्मण भाऊबंद अहमदनगरला आले होते, आणि आपलं वडिलोपार्जित वतनाचं गाव परत मिळावं अशी त्यांची इच्छा होती. बुऱ्हाणाने अलाउद्दीन इमादशाहाला कळवलं की पाथरी आम्हाला द्या, बदल्यात त्याहून जास्त उत्पन्नाचा मुलूख घ्या. इमादशाहाने नकार दिला आणि पाथरीची तटबंदी मजबूत करायला घेतली. १५१८ मध्ये बुऱ्हाणाने चाल करून पाथरी घेतली. पुढे इमादशाहाने ती परत मिळवली. १५२७ मध्ये बुऱ्हाणाने पुन्हा घेतली, किल्ला जमीनदोस्त केला आणि परगणा आपल्या ब्राह्मण नातेवाइकांना इनाम दिला. अकबराच्या वेळेपर्यंत तो पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याकडे चालला, असं फरिश्ता नोंदवतो.

हे सगळं सांगणाराही फरिश्ताच आहे, अशी शंका कोणी काढेल, आणि ती रास्त आहे. पण दोन गोष्टींत फरक आहे. बहमनीच्या गंगूची गोष्ट फरिश्ताच्या अडीचशे वर्षं आधीची, तिला ना गाव, ना वतन, ना तंटा. पाथरीचं इनाम त्याच्या हयातीत किंवा त्याच्या अगदी अलीकडे चालू होतं. परगणा कोण खातो, कशाच्या बळावर खातो, हे वसुलीच्या कारकुनापासून शेजारच्या देशमुखापर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. तिथे बनावट गोष्ट फार दिवस टिकत नाही. तेव्हाची पाथरी काही खेडं नव्हती; मोगलांनी वऱ्हाड घेतल्यावर ‘आइन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांत पाथरीचं नाव आहे. अशा मोक्याच्या परगण्यासाठी लढाई व्हायला राजकीय कारणं पुष्कळ सापडतील. पण लढून घेतलेला परगणा ब्राह्मण भाऊबंदांना इनाम देऊन टाकायला राजकीय कारण सापडत नाही. तिथे नातंच लागतं.

म्हणून माझा कौल भैरूच्या बाजूने. बापाचं नाव बहिरो किंवा बहिरी, मुलगा शाही शिकारखान्यावर, आणि दरबारच्या भाषेत बहरी हा रुबाबदार पक्षी. मग लेखणीने बडी हे घातली आणि कोणालाच हरकत घ्यावीशी वाटली नाही. देवाचं नाव पुसायला कोणाला हुकूम काढावा लागला नाही. ससाण्याने ते झाकलं, एवढंच.

हेच प्रकरण पुढे शिवाजीमहाराजांच्या हेरांचा प्रमुख बहिर्जी नाईक याच्या बाबतीत उलट दिशेने घडताना दिसतं. जिंजीत लिहिलेल्या सभासद बखरीत तो बहिर्जी जाधव म्हणून येतो. सुरतेची खबर आणणारा हा माणूस लोकांच्या मनात इतका ठसला, की बहिर्जी म्हणजे बहिरी ससाण्यासारखी नजर असलेला, असं भाषणांतून आणि पुस्तकांतून सर्रास सांगितलं जातं. ऐकायला झकास आहे. पण मराठी नावांची रीत बघितली तर खंडोबावरून खंडोजी, म्हसोबावरून म्हसाजी, तसा बहिरोबावरून बहिर्जी. आईबापांनी बारशाला नवसाच्या देवाचं नाव ठेवलं. हेरगिरीतली करामत पुढची. पाथरीला देवावरून पक्षी झाला तो दरबारच्या सोयीने, इथे झाला तो लोकांच्या कौतुकाने.

आणि नावं एकाच दिशेने जात होती असंही नाही. याच निजामशाहीचे सरदार मालोजीराजे भोसले यांना मूल होत नव्हतं, तेव्हा अहमदनगरच्या शाह शरीफ पिराला नवस केला आणि दोन मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, अशी परंपरा आहे. फारसी शाह, अरबी शरीफ, दोन्हींना मराठी ‘जी’. निजामशाही मोडकळीला आली तेव्हा यातल्या थोरल्याने, शहाजीराजांनी, त्या घराण्यातलं एक लहान मूल गादीवर बसवून मोगल आणि आदिलशाह या दोघांशी झुंज दिली. १६३६ मध्ये माहुलीच्या किल्ल्यावर त्यांना तह करावा लागला, मूल मोगलांच्या हवाली झालं, आणि बहरी हे उपनाम लावणारं राज्य संपलं.